पित्त म्हणण्याआधी

बाईच्या छातीत काही वाटायला लागलं की घरात पहिलं नाव येतं ते पित्ताचं. कारणही तयार असतं: काल चतुर्थी होती, दिवसभर साबुदाणा आणि चहा, रात्री उशिरा जेवण. मग थंड दूध होतं, ओवा होतो, सोडा होतो, पित्ताची गोळी होते. अर्ध्या तासाने जरा बरं वाटतं, कारण हृदयाचं दुखणंही चढतं-उतरतं. त्या उताराचं श्रेय सोड्याला मिळतं आणि ती पोळ्या लाटायला उभी राहते. तासाभराने पुन्हा दाटून येतं. पहिली कळ आणि पहिला ईसीजी यांच्यामध्ये असे चार-पाच तास सहज निघून जातात. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली तर तिच्यावर जगणारा स्नायू साधारण अर्ध्या तासापासून मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

स्त्रियांच्या हृदयविकाराचा विचार करताना मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. ईसीजीचं मशीन तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आहे, मुख्य औषधं महाग नाहीत, पण दुखण्याला नाव फार घाईने दिलं जातं. पित्त, दमा, अशक्तपणा, बाळंतपणाची सूज, पाळी जाण्याचा त्रास, टेन्शन. ही सगळी खरी दुखणी आहेत. अडचण अशी, की एकदा नाव दिलं की तपासणी थांबते.

आधी एक गैरसमज. ‘बायकांच्या झटक्यात छातीत दुखतच नाही’ असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. बहुतेक बायकांना छातीत त्रास होतोच. पण त्या त्याला ‘दुखणं’ म्हणतीलच असं नाही. जड वाटतं, आवळल्यासारखं होतं, भरून येतं, जळजळतं, असं त्या सांगतात. डॉक्टर विचारतात, ‘छातीत दुखतं का?’ ती म्हणते, ‘नाही.’ आणि प्रश्न तिथेच मिटतो. त्यापेक्षा विचारावं: जबड्यापासून बेंबीपर्यंत, पुढे, मागे, दोन्ही हातांत, कुठे काही वेगळं वाटतंय का? पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये कळ, जबड्यात ओढ, दरदरून घाम, मळमळ, उलटी, बसल्या जागी धाप, कधी नव्हे असा थकवा, ही लक्षणं पुरुषांपेक्षा स्त्रियांत छातीच्या त्रासाच्या जोडीला जास्त वेळा येतात. काही जणींना त्याआधीच्या आठवड्यांत झोप लागत नाही आणि नेहमीचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

पोटाशी गल्लत होण्याला शारीरिक कारण आहे. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्याच्या लगेच खाली जठर. खालच्या भागाला रक्त कमी पडलं की तिथल्या मज्जातंतूंमुळे मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं सुरू होतं, नाडी मंदावते, अंग गार पडतं. हे हुबेहूब पित्तासारखं दिसतं. म्हणून फरक दुखण्याच्या जागेवरून न करता वागणुकीवरून करावा. भरलेली कळशी उचलली, चढ चढला, जेवणानंतर लगेच भरभर चालली की येतं आणि पाच-दहा मिनिटं बसलं की जातं, असं वारंवार होत असेल तर ते पित्त धरू नये, त्याच आठवड्यात हृदयाची तपासणी करावी. बसल्या जागी पंधरा मिनिटांहून जास्त टिकलं, त्यासोबत घाम किंवा धाप असली, तर आठवड्याचीही वाट नाही, तेव्हाच निघायचं. एका बोटाने दाखवता येणारी, दाबलं की वाढणारी टोचणी बहुधा स्नायूची असते, पण चाळिशी ओलांडलेल्या, बीपी किंवा शुगर असलेल्या बाईत तेवढ्यावर विसंबू नये.

निघायचं म्हणजे कसं, हेही सांगायला हवं, कारण उशीर इथे होतो. दूध तापवून, आंघोळ करून, साडी बदलून, मुलाला ऑफिसात कशाला त्रास म्हणून संध्याकाळची वाट बघून बायका निघतात. त्यातलं काहीही करू नये. १०८ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. ती यायला वेळ लागणार असेल तर घरच्या किंवा शेजारच्या गाडीने निघावं, पण तिने स्वतः स्कूटर चालवू नये आणि जिना शक्यतो खुर्चीत बसवूनच उतरवावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात व्रण किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. गिळली तर उशिरा लागू पडते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्यांच्या सल्ल्याने देऊ नये. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती गोळी बाईला पाडते. निघतानाच एखाद्याने फोनवर विचारावं की त्या हॉस्पिटलात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) आहे का आणि आत्ता चालू आहे का. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणं शहाणपणाचं असतं. त्या इंजेक्शनांपैकी टेनेक्टेप्लेसचा डोस वजनावर ठरतो. अंदाजाने दिलेला डोस कमी वजनाच्या बाईला जास्त होतो आणि रक्तस्रावाचा धोका स्त्रियांत मुळातच अधिक असतो, म्हणून खरं वजन सांगावं. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाकावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते.

हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. हा जगभरचा नियम आहे आणि तो मागायला लाजू नये. लाज आड येते ती दुसऱ्याच ठिकाणी. ईसीजीच्या सहा तारा छातीवर लावायच्या असतात: पहिल्या दोन छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना चौथ्या बरगडीखालच्या फटीत, चौथी त्याखालच्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर, म्हणजे साधारण स्तनाच्या खाली. तंत्रज्ञ पुरुष, बाई संकोचलेली, मग ब्लाउजची वरची दोन बटणं काढून तारा जिथे बसतील तिथे चिकटवल्या जातात. वरच्या दोन तारा एक-दोन फटी वर सरकल्या की कागदावर जुना झटका येऊन गेल्यासारखं चित्र उमटू शकतं, आणि बाकीच्या भलतीकडे गेल्या की खरा बदल निसटू शकतो. ब्लाउज आणि आतले कपडे पूर्ण काढून, वर चादर घेऊन ईसीजी काढावा. नर्स किंवा घरातली बाई सोबत मागावी. ती मागणी कुठलंही हॉस्पिटल नाकारू शकत नाही.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटका झाली असं नाही. त्रास चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन. त्याची रक्ततपासणीही एकदा करून भागत नाही. मशीन नवं असेल तर एक ते तीन तासांनी, जुनं असेल तर सहा तासांपर्यंत पुन्हा करावी लागते, कारण स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात चढायला वेळ घेतं. आणखी एक गोष्ट अहवालावर सहसा दिसत नाही: निरोगी स्त्रीत ट्रोपोनिन पुरुषापेक्षा कमीच असतं. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आयच्या एका सर्रास वापरातल्या चाचणीत पुरुषासाठी वरची मर्यादा लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम आहे आणि स्त्रीसाठी १६. दोघांना एकच आकडा लावला तर जिचं ट्रोपोनिन वीस-पंचवीस आहे ती बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते.

पुरुषाचं माप बाईला लावण्याची ही सवय जुनी आहे. अ‍ॅस्पिरिनने झटका टळतो हे ज्या गाजलेल्या अमेरिकन चाचणीने १९८९ साली दाखवलं, तिच्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सगळे पुरुष होते. १९९१ मध्ये बर्नाडाइन हीली यांनी यावर नेमकं बोट ठेवलं: स्त्रीला पुरुषासारखाच आजार आहे हे सिद्ध झाल्याशिवाय तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. हीली स्वतः हृदयतज्ज्ञ, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. अ‍ॅस्पिरिनची तशीच चाचणी सुमारे ४० हजार स्त्रियांवर झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली आले: आधी काहीही न झालेल्या स्त्रियांत अ‍ॅस्पिरिनने हृदयाचे झटके एकूणात कमी झाले नाहीत, पक्षाघात मात्र थोडे घटले. म्हणून ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून पन्नाशीनंतर आपल्या मनाने रोज अ‍ॅस्पिरिन घेणं थांबवावं. प्रत्यक्ष झटक्यात चावलेली गोळी स्त्रीलाही तितकीच उपयोगी पडते. ती वेगळी गोष्ट.

अँजिओग्राफी झाली, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या, की बाईला सांगतात: ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ हे वाक्य मला पित्ताइतकंच घातक वाटतं. स्त्रियांत मोठ्या वाहिनीत अडथळा नसतानाही झटका येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. कधी केसासारख्या बारीक वाहिन्या गरजेच्या वेळी उघडत नाहीत, कधी चांगली वाहिनी अचानक आकसते. कधी वाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून भिंतीतच रक्त साकळतं. हा प्रकार बहुतांशी स्त्रियांत, तोही चाळिशी-पन्नाशीतल्या, आणि बाळंतपणाच्या आसपास दिसतो. यात रुग्ण स्थिर असेल तर स्टेंट न घालता थांबलेलं बरं, कारण तार आत सरकवताना चीर वाढू शकते आणि ती बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप भरते. मोठ्या धक्क्यानंतर, जसा घरातला मृत्यू, हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगून लुळं पडण्याचा एक विकार आहे. १९९० साली जपानमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं; त्याच्या रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियाच बहुसंख्य असतात. तेव्हा ट्रोपोनिन वाढलेलं आणि अँजिओग्राफी नॉर्मल असेल तर घरी जाण्याआधी विचारावं: मग ट्रोपोनिन कशामुळे वाढलं? हृदयाचा एमआरआय करून त्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं.

आता त्या फाइलीविषयी, जी हृदयाच्या डॉक्टरकडे कधीच जात नाही. बाळंतपणाची फाइल. गरोदरपण म्हणजे हृदयासाठी नऊ महिन्यांची परीक्षाच: शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी वाढते, चरबी आणि साखर हाताळण्याची रीत बदलते. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि लघवीतून प्रोटीन गेलं, तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीने वाढतो. गरोदरपणातला मधुमेह (आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली की तो धरतात), मुदतीआधी झालेलं बाळंतपण, वारंवार गर्भपात, हे सगळे त्याच वहीतले इशारे. बाळ सुखरूप आलं की वही बंद होते. ती बंद करू नये. बीपी वाढलेल्या बाळंतिणीचं बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतं, म्हणजे नेमकं ती घरी पोचल्यावर. तेव्हा ते रोज मोजावं. सहा ते बारा आठवड्यांनी साखरेची तपासणी पुन्हा करावी, नंतर दर एक ते तीन वर्षांनी. आणि पुढे कधीही, साठीत का असेना, हृदयाच्या डॉक्टरपुढे बसल्यावर आपणहून सांगावं: ‘धाकट्याच्या वेळी माझं बीपी वाढलं होतं.’ विचारतीलच याचा भरवसा धरू नये.

माहेरी आलेली ओली बाळंतीण डिंकाचे लाडू खाते आहे, पाय सुजले आहेत, रात्री धाप लागते. आई म्हणते, बाळंतपणात होतंच. बऱ्याचदा होतंच, आणि ती सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. वाढत चालली, आडवं झालं की खोकला येतो, उशीला उशी लावून बसूनच झोप येते, असं झालं तर त्याच दिवशी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू अचानक कमजोर होण्याचा आजार असतो. हृदयाच्या पंपाची ताकद ४५ टक्क्यांच्या खाली येते. वेळेवर औषधं मिळाली तर अनेकींचं हृदय पूर्ववत होतं. पुढचं मूल होऊ द्यावं का हा प्रश्न मात्र नवरा-बायकोने एको हातात घेऊन हृदयतज्ज्ञासमोर सोडवायचा आहे, सासूसमोर नाही.

दम्याच्या नावाखाली आपल्याकडे अजूनही लपतो तो झडपेचा आजार. लहानपणी घसा आला, दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघे-घोटे आळीपाळीने सुजले, बरे झाले, सगळे विसरले. हृदयाची मायट्रल झडप मात्र विसरत नाही. वर्षानुवर्षं आवळत जाते. हा आवळलेला प्रकार स्त्रियांत जास्त दिसतो. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची ती वाट दीडच्या खाली आली तरी तरुण मुलगी कशीबशी निभावते, आणि मग तिला दिवस जातात. रक्त वाढलेलं, नाडी जलद, झडपेतून रक्त उतरायला वेळ कमी, म्हणून ते मागे फुप्फुसांत तुंबतं. सहाव्या-सातव्या महिन्यात ‘दमा’ सुरू होतो, थुंकीतून रक्त येतं. दम्याच्या पंपाने उतार पडत नाही तेव्हा छातीवर स्टेथोस्कोप ठेवून झडपेचा आवाज ऐकणारा डॉक्टर गाठावा. गरज पडली तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन, क्ष-किरणांपासून पोट झाकून, गरोदरपणातही झडप उघडता येते. आजार कळल्यावर दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. लग्न ठरलं म्हणून, सासरी कळू नये म्हणून ते बंद होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

भारतातल्या पहिल्या महिला हृदयतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली दिल्लीतल्या रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू थकण्याचा आजार त्या पाहत होत्या. विडी न ओढणाऱ्या बायकांनाही तो पुरुषांइतकाच आणि त्यांच्यापेक्षा कमी वयात होत होता. संशय चुलीच्या धुराकडे गेला. चूल अजून विझलेली नाही: गॅस आला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर होतात. चूल परसात किंवा पडवीत काढली, लाकूड वाळलेलं वापरलं, तर धूर कमी होतो, संपत नाही. आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात मिश्रीची डबी. दात घासायची म्हणून ती तंबाखूत मोजलीच जात नाही. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला बाई मनापासून ‘नाही’ म्हणते आणि दिवसातून चार वेळा भाजलेला तंबाखू हिरड्यांना लावते. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं. विचारायचं असेल तर ‘मिश्री लावता का, दिवसातून कितीदा?’ असंच विचारावं.

पाळी गेल्यावर, आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि बीपी चढू लागतं, कमरेभोवती चरबी साठते. त्या वर्षी एकदा नीट तपासणी करावी: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, थायरॉइड, हिमोग्लोबिन. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल तर आणखी लक्ष द्यावं. दम लागण्याचं कारण हिमोग्लोबिन ८ हे असू शकतं, पण लोहाच्या गोळ्यांनी ते ११ झालं आणि दम तसाच राहिला तर एको करावा. मधुमेह झाला की पाळी असेपर्यंत मिळणारं संरक्षण जवळजवळ संपतं. मधुमेहाने स्त्रीच्या हृदयाचा धोका पुरुषापेक्षा जास्त पटीने वाढतो. कंबर परकराच्या नाडीवर मोजू नये, ती बहुधा खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजावी. ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावं. बीपी मोजताना घट्ट बाहीचा ब्लाउज वर सरकवला की दंड आवळला जातो आणि आकडा चुकतो. सैल बाहीचा घालावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा, लहान पट्टा बीपी खोटंच वाढवतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसल्यावर, चहानंतर अर्ध्या तासाने, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर मोजावं. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर ते बीपी आहे, ‘घाई-गडबडीत वाढलं’ नव्हे. तरुण मुलीला बीपीची गोळी सुरू असेल आणि मूल हवं असेल तर चिठ्ठी तपासावी: टेल्मिसार्टन गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतं, ते आधीच बदलून घ्यावं. कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयीही तेव्हाच विचारावं.

अँजिओप्लास्टी होऊन ती घरी आली की पाहुणे भेटायला येतात आणि चहा तीच टाकते. हे घरच्यांनी थांबवायचं आहे. मनगटातून तार घातली असेल तर आठवडाभर त्या हाताने हंडा, कुकर, ओले कपडे उचलायचे नाहीत. उपासाच्या दिवशी गोळ्या चालूच ठेवायच्या. शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते श्रावण लागण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवावं. आणि पाळी चालू असलेल्या बाईला एक गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही: अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही गुठळी होऊ न देणारी गोळी असली की पाळीत रक्तस्राव खूप होऊ शकतो. ती घाबरते, पुरुष डॉक्टरला सांगायला संकोचते आणि चार दिवस गोळ्या बंद ठेवते. पहिल्या काही महिन्यांत असं केलं तर स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर गोळी न सोडता हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या, दोन्ही डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या तांबीसारखे उपाय आहेत, ते दोघांनी मिळून ठरवायचे असतात.